लाट जाते कुठे?

हौदातल्या नमुना-बोटीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला होता. पाहुण्यांना दाखवायचा खेळ. लाट आली, बोटीपासून हातभर अंतरावर तिनं मान खाली घातली आणि नाहीशी झाली. पेल्यातला थेंबही सांडला नाही.

बोटीच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, बारा पट्ट्या खालीवर हलत होत्या. येणाऱ्या लाटेला चढ असला की त्या उतार करायच्या, उतार असला की चढ. या यंत्राचं नाव लाटशामक, आणि त्याच्याभोवती तयार होणाऱ्या निवांत पाण्याचं नाव शांतकुंड. दोन्ही नावं यंत्र बनवणाऱ्या मिताली तारीनंच ठेवली होती.

"लाट मेली," संस्थेचे संचालक डॉ. हर्डीकर समाधानानं म्हणाले.

"लाट मरत नाही, सर. शक्ती आहे ती. इथून उठवली की दुसरीकडे बसवावी लागते."

"कुठे बसवलीस?"

तिनं हौदाच्या पलीकडच्या भिंतीकडे बोट केलं. भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत ओली होती. "समोरच्या पट्ट्यात. बाजूला फेकली असती तर किनाऱ्यावरच्या घरांत शिरली असती. खुल्या समुद्रात अर्ध्या मैलात विरेल असा अंदाज होता. मोजलं तर अकरा मैल."

"अकरा मैलांत असतं काय? नोंदणी झालेली जहाजं पडद्यावर दिसतात, यंत्र त्यांना चुकवतं. बाकी समुद्र रिकामा."

मितालीचा नवरा हेरंब मालवणचा तांडेल होता. स्वतःची होडी, चार खलाशी, नोंदणी शून्य. हर्डीकरांच्या हिशोबात तो रिकामा समुद्र होता. ती गप्प राहिली. हुशार माणसं गप्प कधी राहायचं ते शाळेतच शिकतात.

त्या दिवशी आणखी एक चाचणी झाली. दोन नमुना-बोटी समोरासमोर सोडल्या. पहिलीनं आपली लाट दुसरीकडे ढकलली, दुसरीनं ती स्वतःच्या लाटेसकट परत केली. दोघींची कुंडं शांत, आणि मधलं पाणी पिसाळलेलं. मग एकीच्या पट्ट्या थांबल्या. सगळा कल्लोळ तिच्यावर कोसळला आणि ती बुडाली. दुसरीसमोर मात्र तळ्यासारखं पाणी पसरलं. तिच्यावरचा पेला तसाच भरलेला.

अहवालात आलं ते एवढंच: विखुरलेली लाट अर्ध्या मैलात विरते, दोन यंत्रं समोरासमोर येण्याचा संभव नगण्य. खाली सही, मिताली तारी.

सात वर्षांत प्रत्येक मालवाहू जहाजाच्या नाळेखाली पट्ट्या बसल्या. गावात एकानं भिंत घालून ओढा शेजाऱ्याच्या परसात वळवला की शेजाऱ्यालाही भिंत घालावी लागते. शेवटी ज्याच्याकडे विटा नाहीत त्याचं घर वाहून जातं. समुद्रावर तेच झालं. मोठ्यांनी लावलं म्हणून मधल्यांनी लावलं, आणि सगळ्यांच्या लाटा होडीवाल्यांच्या वाट्याला आल्या. वर्तमानपत्रांनी त्याला हवामानबदल म्हटलं. कोणाचं नाव घ्यायचं नसलं की हवामान बरं पडतं.

हेरंबचा धाकटा भाऊ निळू एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी गेला. वारा नव्हता. दूरवरून एक जहाज गेलं, आणि थोड्या वेळानं कुठूनशी एकच लाट आली.

बाराव्याला हेरंबनं मितालीला विचारलं होतं, "तू ह्या शिकलंस ना? मगे माका सांग, ती लाट खंयसून इली?"

"एकांडी लाट असते समुद्रात कधीकधी," ती म्हणाली होती.

पुढच्या महिन्यात तिनं संस्थेकडून एक लाटशामक मागून घेतला आणि हेरंबच्या 'सातेरी'वर बसवला. निदान त्याच्यावर तरी कोणाची लाट जाऊ नये. हेरंब पट्ट्यांवरून हात फिरवत उभा होता.

"आणि हेची लाट खंय जाता गो?"

"विरते."

"नक्की? आमच्यात होडी होडयेक आड दिता. दुसऱ्याच्या अंगावर लाट घालणारो आमच्यात कोण नाय."

आड देणं ही त्यांच्याकडची जुनी रीत. खवळलेल्या समुद्रात एखादी होडी अडचणीत असली की दुसरीनं तिच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभं राहायचं, लाटा आपल्या अंगावर घ्यायच्या आणि तिला शांत पाणी द्यायचं. त्याचे आभार मानत नाहीत. लाटशामक या रीतीच्या नेमका उलटा होता, आणि हे मितालीएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"विरते रे. मी मोजलंय," ती म्हणाली.

"तू सांगतंस म्हणजे विरता," म्हणून त्यानं विषय संपवला.

या विश्वासानं तिची झोप गेली. दोन वर्षं ती पुण्यात प्रयोगशाळेत राहिली आणि मालवणला जायचं टाळत राहिली. हेरंबला वाटलं, बायकोला शहर आवडलं. शेवटी या ऑक्टोबरात तिनं कपाटातून अकरा मैलांच्या मोजणीचा मूळ कागद काढला आणि त्याला फोन केला. "येते. समोर बसून बोलायचंय."

"सोमवारपर्यंत थांबतंय. मगे जावकच होया, हंगाम आसा."

विमान गोव्यावर तीन घिरट्या घालून वाऱ्यामुळे बंगळूरला गेलं. तिथून धरलेली बस आंबोलीच्या घाटात दरड पडून अडकली. दरडीवरून चिखलात चालत तिनं पलीकडे काजूच्या बियांचा टेम्पो गाठला. त्याचं चाक सावंतवाडीच्या अलीकडे फुटलं. बुधवारी दुपारी ती मालवणच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा 'सातेरी' जाऊन दीड दिवस झाला होता. वाट बदललेलं वादळ किनाऱ्याकडे येत होतं. 'सातेरी'चं इंजिन बंद पडलं होतं आणि ती निवतीच्या खडकांकडे वाहत चालली होती. मदतीच्या बोटी दुसरीकडे गुंतलेल्या, संध्याकाळपर्यंत कोणी येणार नव्हतं.

धक्क्याला संस्थेची पाहणी-बोट होती. ती चालवणारा सारंग इनास फर्नांडिस, साठीचा, तोंडानं फटकळ.

"बाय, ह्या दर्यात माका माझी बायलसुद्धा धाडूची नाय. आणि ती माका रोज धाडूक बघता."

"बोटीला लाटशामक आहे, इनास."

"तां मशीन आसा म्हणानच येतंय. नायतर तुमका तुमचो घोव, माका माझी पेज."

बोट निघाली. चहूकडे चार मीटरच्या लाटा होत्या आणि मधून ही बोट इस्त्री केलेल्या पट्ट्यावरून चालल्यासारखी जात होती. इनासनं चक्क बिडी पेटवली. मिताली पुढच्या काचेला नाक लावून उभी होती. पहिला तासभर सगळं आकड्यांप्रमाणे चाललं. मग समोरच्या लाटा वाढू लागल्या. पाच मीटर. सहा. वारा तेवढाच होता. नाळेखालच्या पट्ट्या कण्हू लागल्या.

तिनं पडद्यावर लाटांची दिशा पाहिली. अर्ध्या लाटा वाऱ्याच्या नव्हत्याच. त्या सरळ 'सातेरी'कडून येत होत्या.

"त्याचं यंत्र चालू आहे," ती म्हणाली. "त्याच्या होडीवर पडदा नाही, आणि नोंदणी नाही म्हणून आपल्या पडद्यावर ती नाही. आपण लाट त्याच्याकडे ढकलतोय आणि तो आपल्याकडे. जवळ जाऊ तसं वाढत जाणार."

"म्हणजे घोव-बायल एकामेकांच्या अंगार धोंडे मारतत," इनास म्हणाला. "तां घराघरात चलता. पण मगे आपलां बंद करूया?"

"बंद केलं तर त्याच्या वाट्याचं सगळं आपल्यावर येईल."

"आणि त्येनी बंद केल्यान तर?"

 यंत्राचा खटका तिच्या हातापासून वीतभर लांब होता. त्याऐवजी तिनं रेडिओ उचलला. पुढे आयुष्यभर तिला आठवत राहिलं ते हेच, की आधी तिनं रेडिओ उचलला.

"हेरंब."

खरखर, मग त्याचा आवाज, थकलेला. "इलंस? सोमवारी येतलंस म्हणालंस."

"दरड पडली होती. ऐक. तुझं यंत्र..."

"बरा आसा तुझा यंत्र. बॅटरीर चलता हा. खडक दोन मैलार आसत, पण होडी डुलणा नाय. पोरगे म्हणतत वहिनीन वाचवल्यान."

मितालीनं डोळे मिटले. सहा पानांचं मनाशी जुळवलेलं बोलणं दोन वाक्यांत आलं.

"लाट विरत नाही, हेरंब. समोर अकरा मैलांपर्यंत जाते, आणि जो समोर असेल त्याच्यावर पडते. मला सात वर्षांपासून माहीत आहे."



"निळूची लाट?" त्यानं विचारलं.

"हो. त्या जहाजानं टाकलेली. मी बनवलेल्या यंत्रानं."

रेडिओ बंद झाला. तिनं पुन्हा पुन्हा हाक मारली. मग तिला वाटलं, निदान शिव्या घालायला तरी तो तोंड उघडेल, आणि तेवढ्यात समोरचा समुद्र बसला.

सहा मीटरच्या लाटा चार झाल्या, दोन झाल्या. पाऊस तसाच पडत होता, वारा तसाच शिट्ट्या घालत होता, आणि बोटीसमोर मैलभर लांब तळ्यासारखं पाणी पसरलं होतं. इनासनं छातीवर क्रूस केला. "सायबान ऐकल्यान आमचा. बघ बाय, कसो रस्तो उघडलो."

मितालीलाही क्षणभर सुटल्यासारखं झालं. फक्त क्षणभर. मग तिला हौदातला पेला दिसला, भरलेला, न सांडलेला, आणि त्याच्यापलीकडे पट्ट्या थांबलेली बोट.

तिनं रेडिओ ओठांशी नेला. "हेरंब, तू यंत्र बंद केलंस?"

या वेळी उत्तर आलं. मागे माणसं ओरडत होती, पाणी आदळत होतं. तो मात्र हळू बोलत होता, होडी सांभाळताना माणूस बोलतो तसा.

"केलंय. तू समोर आसंस. तुझ्या अंगार कशी घालू?"

"चालू कर. हेरंब, ऐक माझं, चालू कर ते."

"तुझा चालू ठेव गो. माका आड देवची सवय आसा. निळूचा मगे बोलू, आता वेळ नाय."

तिच्या बोटीसमोरचं पाणी सुंदर होतं. सात वर्षं जगभर विकलं गेलेलं, जाहिरातीत दिसतं तसं. त्यातल्या एकेका गुळगुळीत पट्टीची लाट 'सातेरी'वर कोसळत होती.

तिनं खटक्यावर हात ठेवला.

"बाय," इनास म्हणाला. बिडी त्यानं फेकून दिली होती. "आपली बोट ह्या मशीनच्या भरवशार बांधलेली आसा. पोट सपाट. खऱ्या लाटेत टिकात की नाय माका ठावक नाय."

"मला माहीत आहे. मीच सांगितलं होतं तसं बांधायला."

"मगे?"

"त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला घ्या. पश्चिमेला."

इनासनं तिच्याकडे नीट पाहिलं, गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत टाकला आणि चाक फिरवलं. "धर मगे कायतरी घट," तो म्हणाला.

मितालीनं खटका खाली केला. पट्ट्यांचं कण्हणं थांबलं. तळं दोन्ही बाजूंनी आत ढासळलं आणि पहिली लाट आली. साधीच, चार मीटरची, वाऱ्यानं उठवलेली, कोणी कोणावर न टाकलेली. तिनं बोट उचलून आडवी फेकली. समोरची काच फुटली. मितालीच्या पिशवीतला कागद गुडघाभर पाण्यात तरंगू लागला. तिनं तो पकडला आणि ब्लाउजमध्ये कोंबला. तो त्याच्या हातात द्यायचा होता.

दुसऱ्या लाटेच्या माथ्यावरून तिला 'सातेरी' दिसली. पाण्यानं भरलेली, पण वर. नाळेवर हेरंब दोरी घेऊन उभा होता. त्यानं हात हलवला नाही. त्यांची बोट वाऱ्याच्या बाजूला सरकताना पाहून त्यानं फेकायच्या दोरीचा एक वेढा सोडला आणि तो पुढच्या लाटेची वाट बघू लागला.