शून्य ते दहा

तिने त्याला पाहण्याआधी तीन वर्षं नुसतं ऐकलं होतं.

रोज सकाळी बसस्थानकावरच्या भोंग्यातून तो आवाज यायचा — “सात दहाची गाडी फलाट चारवर. धावू नका, अजून दोन मिनिटं आहेत.” त्या ‘धावू नका’वर ती रोज हसायची आणि रोज धावायचीच. म्हणून तपासणीच्या खोलीत समोरचा सडपातळ तरुण “नमस्कार डॉक्टर, हर्नियावाला मीच,” असं म्हणाला, तेव्हा तिचं पेन थबकलं.

“तुम्ही... फलाट चार?”

“एक ते अकरा, सगळे माझेच.” तो हसला, मग एकदम गंभीर झाला. “भूल देऊन घशात नळी घालणार म्हणे. पोटाचं काय वाट्टेल ते करा डॉक्टर, पण घसा सांभाळा. पोटापाण्याचा प्रश्न आहे.”

“घसा माझ्याकडे लागला,” ती म्हणाली.

ती भूलतज्ज्ञ होती आणि ऑपरेशन थिएटरात तिचं नाव पडलं होतं मोजपट्टी. कारण तसंच होतं. श्वासाच्या नळीला टोकाशी एक छोटा फुगा असतो. हवा बाजूने निसटू नये म्हणून तो आत फुगवतात. जास्त फुगला की आतून घसा दुखावतो. बाकीचे त्या फुग्याला जोडलेली बाहेरची छोटी पिशवी बोटांनी चिमटून “ठीक आहे” म्हणायचे. ही बाई मैत्रिणीकडून मागून आणलेलं दाबमापक लावायची. प्रत्येक थिएटरात असं एक हवं, म्हणून ती मोठ्या सरांच्या मागे हात धुऊन लागली होती. शेवटी सर म्हणाले होते, “पन्नास पेशंट करून दाखवा. एकाचाही घसा आठवडाभर दुखला, तर तुमचं ते यंत्र मैत्रिणीला परत.”

फलाटवाला पन्नासावा होता.

तिने जीव ओतला. आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, नळी नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने बारीक घेतली, अलगद घातली, फुग्याचा दाब चारदा तपासला. ऑपरेशननंतर तासाभराने ती त्याच्या खाटेशी गेली.

“घसा किती दुखतोय? शून्य ते दहा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं... पाहतच राहिला. “चार,” तो कुजबुजला.

तिचा चेहरा उतरला. टॉर्च लावून पाहिलं, तर लाली नाही, सूज नाही. तरी तिने बर्फाचे तुकडे आणले आणि जवळ बसून एकेक चघळायला दिला. दुसऱ्या दिवशी त्याने पाच सांगितले. घरी गेल्यावर फोनवर चार, मग पुन्हा पाच. आठव्या दिवशी टाके दाखवायला आला, तेव्हाही चार.

“खोडून टाक गं, कोण बघतंय?” थिएटरातली सिस्टर म्हणाली.

“मी बघतेय,” ती म्हणाली आणि वहीत खरा आकडा लिहिला. आपलंच कुठे चुकलं, हे तिला उमगेना. आणि रोज त्या फोनच्या वेळेची आपण वाट पाहतो, हे उमगल्यावर तर तिला स्वतःचाच राग आला.

सरांना वही दाखवायची ती सकाळ उजाडली. ती बसस्थानकावर पोहोचली, तर भोंगा खणखणीत वाजला — “सात दहाची गाडी फलाट चारवर. धावू नका...”

आधी तिला आनंद झाला. मग तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी सोडून ती तडक घोषणेच्या खोलीत शिरली. तो ताडकन उठला.

“घसा किती?”

“...शून्य.”

“कधीपासून?”

“पहिल्या तासापासून.” त्याने मान खाली घातली. “शेजारच्या काकांनी ‘शून्य’ सांगितलं, तर तुम्ही ‘छान’ म्हणून पुढे गेलात. पलीकडच्यांनी ‘दोन’ सांगितलं, तिथे दहा मिनिटं बसलात. मग मी...”

“तुमच्या त्या चारच्या आकड्यापायी माझं यंत्र परत चाललंय, कळतंय का? आठ दिवस मी स्वतःला दोष देतेय!”

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने सहकाऱ्याच्या हातात वेळापत्रक कोंबलं. “चला. सरांना मीच सांगतो.”

आणि त्याने सांगितलं. सरांच्या टेबलासमोर उभं राहून, अकरा फलाटांना पुरेल अशा आवाजात — नळी घातलेली कळलीसुद्धा नाही, घसा एक क्षणही दुखला नाही, डॉक्टर पुन्हा याव्यात म्हणून मी खोटं बोललो. बाहेरच्या वऱ्हांड्यातले लोक दारात डोकावले.

सरांनी कानावरचा हात काढला. “पटलं. या घशाला काही झालेलं नाही. घ्या तुमची यंत्रं, आणि याला आधी बाहेर न्या.”

वऱ्हांड्यात तिने वहीतले त्याचे सगळे आकडे खोडले, शून्य लिहिले आणि त्याची सही घेतली. राग अजून होता, पण तो तिला नीट धरवेना.

“आता पुन्हा नाही ना विचारणार?” त्याने भीतभीत विचारलं.

“घशाचं नाही. दुसरं विचारते, आणि खरंच सांगायचं.” तिचे कान तापले. “मी आवडते? शून्य ते दहा.”

त्याने तोंड उघडलं... आणि आवाजच फुटेना. दिवसभर गावाला ओरडून सांगणारा माणूस नुसता उभा राहिला. मग त्याने दोन्ही हातांची बोटं हळूच वर केली. सगळी.

“माझंही तेवढंच,” ती म्हणाली. “पण धावू नका.”