चाळीस किलोंची केतकी आणि पंच्याण्णव किलोंचे सर

चाळीस किलोंची मुलगी पंच्याण्णव किलोंच्या माणसाला समुद्राच्या तळावरून वर आणू शकेल का?

"नाही," गिरप सर म्हणाले. "म्हणून तर मी नियम केलाय. पन्नास किलोंच्या आतल्या कुणालाही बचाव-परवाना नाही."

"मग नियम चुकीचा आहे," केतकी तारी म्हणाली.

वर्ष होतं २०६१. निवतीच्या समुद्रात प्रवाळांची शेती होत होती आणि तेरा वर्षांची केतकी दर रविवारी सरांबरोबर तिथं बुडी मारायला शिकत होती. नाव सांभाळायला नाखवा होता. शिवाय डुबुक, नारळाएवढा यंत्रमानव. त्याला हात नव्हते. दिवा, डोळा आणि आवाज तेवढा होता.

"डुबुक, पाण्यात सरांचं वजन किती?"

"जवळजवळ शून्य," डुबुक म्हणाला. "शरीर जितकं पाणी बाजूला सारतं, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर त्याला वर ढकलतो. तो म्हणजे उत्प्लावक बल (तरंगवणारा जोर). जॅकेटमध्ये हवा भरली की ते फुगतं, जास्त पाणी बाजूला सरतं, माणूस वर येतो. हवा सोडली की खाली."

"ऐकलंत, सर?"

सर हसले. "ऐकलं गो. पण घाबरलेल्या माणसाला पाण्याखाली गणित सुचत नाही."

अर्ध्या तासाने, दहा मीटर खोलीवर, सरांचं जॅकेट खडकाच्या धारेला अडकून फाटलं. हवा भसाभसा निघून गेली. सर खाली कोसळले, त्यांचं डोकं आपटलं आणि ते वाळूवर निपचित पडले.

केतकी त्यांच्याकडे झेपावली. सरांचा हवेचा मुखवटा सैल झाला होता. तो तिने चेहऱ्यावर घट्ट दाबून धरला. बुडबुडे आले. श्वास चालू होता! तिने त्यांना जोर लावून ओढलं. ते हललेही नाहीत.

"तुझी ताकद पुरणार नाही," डुबुक तिच्या कानात म्हणाला.

"ताकद कोण मागतंय? त्यांच्या कमरेला शिसं किती?"

"दोन कप्प्यांत चार-चार किलो."

म्हणजे शिसं पेलणारी हवा गेली होती आणि शिसं तेवढं उरलं होतं! केतकीने एक कप्पा उघडून शिसं टाकून दिलं. दुसरा उघडला नाही. दोघं बाणासारखी वर सुटली असती. मग सरांना घट्ट धरून तिने स्वतःच्या जॅकेटमध्ये थोडीशी हवा भरली.

सर वाळूवरून उचलले गेले.

"सावकाश," डुबुक म्हणाला. "वर जाऊ तसा पाण्याचा दाब कमी होतो. इथली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा घेईल. जॅकेट आपोआप फुगेल, वेग वाढेल. फुप्फुसातल्या हवेचंही तसंच. श्वास रोखू नकोस."

केतकी कळ दाबून थोडी थोडी हवा सोडत राहिली. वर पोचताच तिने उरलेलं शिसंही टाकलं आणि नाखव्याला हाक मारली.

चार दिवसांनी, डोक्याला पट्टी बांधलेल्या सरांनी कागद पुढे केला. "तुला खास सवलत. सही केलीय."

"नको."

"नको?"

"सवलत नको, सर. नियम खोडा. वजन कसलं मोजता? माणसाला वर आणता येतं का ते बघा."

 सरांनी नियमांची वही ओढली आणि त्या ओळीवर ठळक रेघ मारली.

पुढच्या रविवारी किनाऱ्यावर सात नवी मुलं आली. सगळ्यात किरकोळ मुलीपुढे सर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी विचारलं, "वर येताना हवा का सोडायची, सांग बघू?"