सातवा खांब

दलदलीतले सात खांब नाहीसे झालेत हे कळलं, ते टिकलीच्या मामाची होडी चिखलात रुतली त्या सकाळी.

"अरे, खांब गेले कुठे?" मामा ओरडला.

होडी आज दोन दिवसांनी निघाली होती. गाळ सारखा जागा बदलायचा, म्हणून खोल पाण्याच्या दोन्ही बाजूंना खांब रोवलेले असत. आज मधला तुकडा पार बोडका होता.

होडीत दोन्ही काठांची माणसं होती. डाव्या काठाचा देव वेगळा, उजव्या काठाचा वेगळा. होडी मात्र एकच. तीन तास उन्हात बसल्यावर डाव्या काठाच्या दुकानदाराचा तोल सुटला. समोर बसलेल्या उजव्या काठाच्या म्हाताऱ्या सुतारकाकांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "खांब हेच करतात, आणि हेच उपटतात! म्हणजे पुन्हा काम मिळतं. त्या काठाचे सगळे असलेच!"

सुतारकाका उठले. वहाणा हातात घेऊन गुडघाभर चिखलातून ते जंगलातल्या पायवाटेकडे चालू लागले.

टिकली मान खाली घालून बसली. सुट्टीत मामाकडे आलेली ही बारा वर्षांची मुलगी एरवी कुणाचं ऐकून घेत नसे. पण परवा तिनेच एक खांब उपटून शेकोटीत घातला होता! "जंगलात सापडलं लाकूड," असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

पण तो एकच. मग बाकीचे सहा कुणी नेले?

दुपारी होडी कशीबशी सुटल्यावर ती, चष्मेवाला मामेभाऊ प्रोफेसर आणि त्याचा धाकटा भाऊ बटाटा छोटी होडी घेऊन निघाले.

"हे बघ, बुटांचे ठसे! आणि काहीतरी ओढत नेलंय," प्रोफेसर म्हणाला.

"मगर असेल," बटाटा म्हणाला.

"बूट घालून?"

खुणा जुनाट, प्रचंड झाडांखाली गेल्या होत्या. तिथे नकाशा करायला आलेल्या मोजणीवाल्यांचे तंबू होते. सहाही खांब जमिनीत उभे, त्यांना दोऱ्या बांधलेल्या!

"चोरांनी पुराव्यावर चड्ड्या वाळत घातल्यात!" बटाटा किंचाळला.

मोजणीसाहेब बाहेर आले. "ए, पळा! आमच्या नव्या नकाशात इथे खांबच नाहीत. टाकाऊ लाकडं आहेत ती."

"मग नकाशा बघून धक्क्यापर्यंत जाता येईल, साहेब?" प्रोफेसरने भोळा चेहरा करून विचारलं.

"डोळे मिटून!"

"लावा पैज!" टिकली पुढे झाली. "हरलात तर खांब तुम्ही रोवायचे आणि सगळ्यांसमोर कबूल करायचं."

धक्का समोर दिसत असतानाच साहेबांची मोटरबोट गाळात फसली. ढकलायला उतरलेले साहेब कमरेपर्यंत आत गेले. धक्क्यावरची माणसं हसून हसून बेजार!

"साहेब, नकाशात चिखल आहे का हो?" बटाट्याने विचारलं.

साहेबांनी संध्याकाळपर्यंत सहाही खांब रोवले. मग धक्क्यावर येऊन म्हणाले, "चुकलंच माझं. पण एक आधीच कुणीतरी उपटून नेलेला दिसला, म्हणून वाटलं, सगळेच काढायचे असतील."



"शाब्बास!" दुकानदाराने तिची पाठ थोपटली. "पोरगी आहे की गुप्तहेर!"

"शाब्बास म्हणू नका," टिकली म्हणाली. "पहिला मी उपटला. जाळला. आणि सुतारकाकांना तुम्ही बोलत होतात तेव्हा मी गप्प बसले."

दुकानदाराने हात मागे घेतला. तोही खाली बघू लागला.

"सांगितलंस ते बरं केलंस," मामा म्हणाला. "आम्ही मोठे तेवढंही करत नाही."

"सुतारकाका नवा खांब करून देतील ना?" टिकलीने विचारलं.

"देतील गं. पण खांबांवरचे पट्टे त्यांच्या घरच्या काकू रंगवायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या."

दुसऱ्या दिवशी होडी चालू झाली. टिकली सुतारकाकांच्या घरापर्यंत दोनदा जाऊन परत आली. आत रंधा चालल्याचा आवाज येत होता. दार वाजवायचं अजून राहिलं आहे.