रिकाम्या बाटल्यांची चोरी

छबूबाईला या चोरीतून मिळणार होतं काय? मांडून बघा. ‘शुभ्रा स्नो’च्या आठ रिकाम्या बाटल्या दुकानात नेऊन दिल्या की एक भरलेली फुकट. कॉलनीच्या महिला मंडळानं वर्षभर जमवलेल्या बाटल्यांवर फार तर सहा मिळाल्या असत्या. त्याही येत्या रविवारी छबूबाईच्याच लेकीला, मंजुळाला, लग्नाची भेट म्हणून द्यायच्या होत्या. म्हणजे बाईनं स्वतःच्याच घरची भेट चोरली, आणि त्यापायी झाडलोटीची नोकरी, कंपनीची खोली आणि लेकीची सोयरीक पणाला लावली!

“इतका आतबट्ट्याचा व्यवहार चोर करत नाही,” साहेबराव लांडगे म्हणाले.

“पण मंडळाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे होती,” सुरेंद्र म्हणाला.

साहेबरावांनी कारखान्याच्या गेटवर उमेदीची वर्षं काढली होती. कामगार सुटताना कोणाचा डबा जड आहे हे त्यांना चालीवरून कळे. चौऱ्याहत्तर साली त्यांनी पिंपरीत ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली. सुरेंद्र त्यांचा टायपिस्ट. अंगानं मजबूत, अंदाजानं कच्चा.

त्यांना बोलावलं होतं मधुसूदन दातारांनी. दातार कंपनीत मॅनेजर, त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई मंडळाच्या अध्यक्षा. कॉलनीत पोलीस नकोत, गुपचूप सोक्षमोक्ष लावा, असं दातारांचं म्हणणं होतं. हातातलं पुस्तक त्यांनी मिटलं. खुणेची निळी कागदी पट्टी बाहेर डोकावत राहिली.

“मला तर या स्नो-पावडरीचा तिटकाराच आहे,” चहा देत अरुंधतीबाई म्हणाल्या. “साय आणि डाळीचं पीठ, बस्स. मंडळात सांगून सांगून तोंड दुखलं माझं. पण गरिबाच्या मुलीचं लग्न, म्हणून हो म्हटलं.”

घर कसं लख्ख होतं. जाळीच्या कपाटाचे पायसुद्धा पाण्याच्या वाट्यांत उभे. सुरेंद्र कोपऱ्यातल्या कशिद्याच्या चादरीखालच्या ट्रंकेवर टेकला आणि लगेच मांडी खाजवत उठला.

“अहो, तिथं नका बसू!” अरुंधतीबाई घाईनं म्हणाल्या. “लोकरीचे कपडे आहेत त्यात.”

“मुंग्या आहेत, वहिनी.”

“पावसाळा संपला की येतातच मेल्या.”

तिथून ते छबूबाईच्या खोलीवर गेले. नेमके मोशीहून नवऱ्यामुलाचे मामा, ज्योतीराम, आलेले. शेजारणी दारात.

“आमी कशाला चोरू, साहेब? माज्याच पोरीचं व्हतं ते,” छबूबाई म्हणाली.

“मग ट्रंक उघडा,” सुरेंद्र म्हणाला.

“किल्ली पोरीकडं हाय. ती येईस्तवर थांबा.”

सुरेंद्र थांबला नाही. कडीला हिसका दिला, कडी निखळली. ट्रंक त्यानं उजेडात, दाराशी ओढून उपडी केली. लग्नाचं लुगडं, दोन खण, मंजुळाची परकराची कापडं, सगळं उंबऱ्यावर. बाटली एकही नाही. ज्योतीराम मामा चपला घालून निघून गेले. छबूबाई खाली बसून घड्या घालू लागली. साहेबरावांनी दुसरीकडे पाहिलं.

मंडळाच्या चिटणीस पद्माताई तावातावानं बोलल्या. “खोका हळदीकुंकवाच्या दिवशीच अर्धा भरला होता. प्रत्येकीनं बाटली आणली, आणि लग्नाचं काम म्हणून आत चिमूटभर साखर घातली. भांडं काय नि बाटली काय, रिकामी कशी द्यायची? पुढं बाटल्या येत राहिल्या तरी खोका भरेचना, म्हणून गेल्या शुक्रवारी मीच म्हटलं, शनिवारी सगळ्यांसमोर मोजू, मग दुकानात नेऊ. शनिवारी कपाट उघडलं तर खोका गायब.”

“किल्ल्या किती?”

“दोन. एक छबूबाईकडे, एक अरुंधतीवहिनींकडे.”

“दुकानात आधी कधी काही नेलं होतं?”

“छे! एकदमच न्यायचं ठरलं होतं.”

पिंपरी कॅम्पातले दुकानदार गोबिंदराम बाटल्यांचा ढीग दाखवत कुरकुरले. “कंपनीला काच परत पाहिजे, साब. पुठ्ठापण वाचवते. विकतच्या बाटलीला खोका, फुकटच्या बाटलीला खोका नाही. झाकणावर नुसती निळी पट्टी. स्कीम चांगली आहे, पण ते तुमचं मंडळ! त्यांच्या बाटल्या आल्या की दुकानात मुंग्या. मी पोऱ्याला सांगून ठेवलंय, मंडळाच्या आधी पाण्यात टाक.”

“या आठवड्यात आल्या?”

“ना. या आठवड्यात एकपण नाही.”

“बघा!” बाहेर आल्यावर सुरेंद्र म्हणाला. “म्हणजे छबूबाईनं अजून लपवून ठेवल्यात.”

“तुम्ही ऐकलंत, पण कान दुकानातच विसरलात,” साहेबराव म्हणाले.

संध्याकाळी दातारांच्या दिवाणखान्यात सहा जण होते. पद्माताई खुर्चीवर, छबूबाई दाराशी उभी.

“मंडळानं दुकानात आजवर एकही बाटली नेली नाही,” साहेबरावांनी सुरुवात केली. “मग मंडळाच्या बाटल्यांना मुंग्या लागतात हे गोबिंदरामांना ठाऊक कसं? कोणीतरी मंडळाच्या नावानं आधी बाटल्या नेल्या होत्या. खोका म्हणून भरत नव्हता. शनिवारी सगळ्यांसमोर मोजणी झाली असती तर ते उघड झालं असतं. चोरी झाली ती बाटल्यांसाठी नाही, मोजणी टाळण्यासाठी.”

पद्माताईंनी पदर तोंडाला लावला.

“छबूबाई बाटल्या घेऊन गेली तर दुकानदार मंडळाचं नाव घेत नाही. अध्यक्षा गेल्या तर घेतो. आणि दातारसाहेब, तुमच्या पुस्तकातली निळी पट्टी कुठून आली?”

दातारांनी पट्टी पाहिली. “ही... हिच्या आरशापाशी पडली होती.”

“ही पट्टी फक्त फुकटच्या स्नोवर असते. ज्या घरात स्नोचा तिटकारा, त्या घरात ती आली कुठून?”

अरुंधतीबाईंची मान खाली गेली.

“राहिलेल्या बाटल्या फेकता येत नव्हत्या. फेकलेली बाटली कोणीतरी वेचून दुकानात नेणार, आणि मुंग्यांवरून ती मंडळाची हे कळणार. म्हणून त्या घरातच राहिल्या. पण चिमूटभर साखर राहिली आत. खाण्याच्या कपाटाला पाण्याच्या वाट्या, आणि मुंग्या मात्र लोकरीच्या ट्रंकेकडे!”

अरुंधतीबाई स्वतःच उठल्या. चादर बाजूला केली, झाकण उघडलं. आत नुसत्या बाटल्याच, लोकरीचा धागाही नव्हता.

“विकत घ्यायची लाज वाटायची,” त्या म्हणाल्या. “इतकी भाषणं दिल्यावर दुकानात कोणी पाहिलं तर? मंडळाचं काम म्हटलं की कोणी विचारत नाही. तीनच आणल्या होत्या. भरून ठेवणार होते मी.”

दातारांनी दरवाज्याकडे पाहिलं. “साहेबराव, हे आता या चार भिंतींतच...”

“माजी ट्रंक दारात उपडी झाली, साहेब,” छबूबाई तिथं पहिल्यांदाच बोलली. “बाईंची आत उघडली.”



“माझी फी पैशात नको,” साहेबराव शेवटी म्हणाले. “बाईंनी हेच रविवारी मंडळात सांगायचं. त्याआधी मोशीला, ज्योतीराम मामांच्या ओसरीवर.”

जिना उतरताना सुरेंद्र म्हणाला, “मुंग्या चावल्या मला, आणि कळलं तुम्हाला.”

“मला तिथंच शंका आली होती. तरी मॅनेजरच्या बायकोला ट्रंक उघडा म्हणायला जीभ रेटली नाही. एका ट्रंकेवर आपण बसलो, दुसरी फोडली. आणि मी तुम्हाला अडवलंही नाही.”

आता हिशेब. मंजुळाचं लग्न झालं. दातारांनी सहा बाटल्या विकत आणल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांसकट. छबूबाईनं त्या परत पाठवल्या, मंजुळा हळदीच्या तोंडानंच सासरी गेली. अरुंधतीबाईंना तीन बाटल्यांपायी मोशीच्या ओसरीवर सगळ्या भावकीसमोर उभं राहावं लागलं. राजीनामा नंतर कोणी मागितलाही नाही, अध्यक्षपद त्यांनीच सोडलं.

सुरेंद्रनं छबूबाईच्या ट्रंकेला स्वखर्चानं नवी कडी बसवून आणली. रिकामी कशी द्यायची, म्हणून आत पुडीत साखर ठेवली.

छबूबाईनं झाकण उघडलं आणि पुडी त्याच्या हातात परत दिली.

“नगं, दादा. मुंग्या आल्या तर पुन्ना उघडायला लावतील.”