पावणेसोळा आणे

खोपटच्या एसटी डेपोसमोर, पहिल्या मजल्यावर डॉक्टर साकेत यांचा दवाखाना होता. ते एमडी मेडिसिन. आधी रक्तदाब बघायचे, एक्स-रे बघायचे, लागतील तेवढ्या गोळ्या लिहायचे आणि मग दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावायचे. वर्षभरात ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कंबरा अशा मोकळ्या व्हायला लागल्या, की पेनकिलर निम्म्यावर आल्या. दवाखाना बंद करताना डॉक्टर दिवसभराचे केसपेपर पुन्हा एकदा वाचायचे. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नसे.

दुखणं दहापैकी किती, असं विचारायची पद्धत आहे. खोपटला ती चालत नाही. इथला पेशंट म्हणतो, बारा आणे दुखतंय, चार आणे फरक पडला. म्हणून डॉक्टरही आण्यांतच विचारायचे, सुई लावण्याआधी आणि काढल्यावर.

सुया लावायला ते शिकले बायको गेल्यावर. हेमाला शेवटचे पाच महिने उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली दुखायचं. मॉर्फिन पुरत नव्हतं. एका मित्राने सुया सुचवल्या, तेव्हा डॉक्टर हसले होते. किती दुखतंय विचारलं की ती म्हणायची, पावणेसोळा आणे. पूर्ण सोळा कधीच नाही. पाव आणा तुझ्यासाठी सोडलाय, तू कामाला जा, म्हणायची. गेली त्या सकाळीही पावणेसोळाच म्हणाली.

सोमवारी गोमाजी आले. खाडीवरचे कोळी, सत्तरीचे, गुडघा धरून जिना चढलेले. बारा आणे दुखत होतं. वीस मिनिटांनी सुया काढल्या, तर उकिडवे बसून दाखवायला लागले. मालन सिस्टर म्हणाल्या, मामा, आता लगेच जाळं घेऊन पळू नका, खाडीतले मासे आम्हाला शिव्या देतील.

गोमाजी हसले. हसता हसता त्यांचा हात मागे उजव्या फऱ्याकडे गेला.

"गुडघा गेला. पन हितं उठलं. पावणेसोळा आणे."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"हा दुखणा माजा नाय, डाक्टर," गोमाजी म्हणाले. दुसऱ्याची छत्री चुकून उचलून आणल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. नॉर्मल. पोट, छाती, सगळं तपासलं. मग फऱ्याखाली एक सुई लावली. बारा आण्यांवर आलं. गोमाजी जिना उतरून रस्त्यावर गेले, तेव्हा काहीच दुखत नव्हतं.

मंगळवारी दक्षता नावाची कंडक्टर मानेसाठी आली. मान सुटली आणि उजवा फरा धरला. किती? बारा आणे. सुई लावल्यावर नऊ. बुधवारी सुमित, लांब पल्ल्याचा ड्रायव्हर. कंबर मोकळी झाली आणि फऱ्याखाली नऊ आण्यांनी सुरू झालं. पाचवर थांबलं. हे तिघे एकमेकांना ओळखतही नव्हते.

डॉक्टरांनी सुयांची कंपनी बदलली. पलंग बदलला. आपल्या तोंडून काही सुचवलं जाऊ नये म्हणून प्रश्न सिस्टरना विचारायला लावला. तरी गुरुवारी पाचवरून तीन, शुक्रवारी तीनवरून दोन. त्यांनी कोरा केसपेपर घेतला, वर हेमाचं नाव लिहिलं आणि सगळे आकडे खाली उतरवले. दीड वर्षाने त्यांना कडकडून भूक लागली. आता हेमासाठी काहीतरी करता येणार होतं.

मालन सिस्टरना ते पटत नव्हतं. पेशंटला न सांगता असं करणं बरं नाही, त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, सांगेन, सगळ्यांना सांगेन.

"दोनच आणे राहिलेत, सिस्टर."

शनिवारी दुपारी गोमाजी पुन्हा आले. त्या दिवसाचे शेवटचे पेशंट. गुडघा झाला. हात फऱ्यावर गेला.

"दोन आणे."

डॉक्टरांनी सुई लावली. डेपोतून गाड्यांची नावं पुकारल्याचं ऐकू येत होतं. वीस मिनिटं त्यांनी घड्याळावरून नजर काढली नाही.

"किती आणे, मामा?"

गोमाजींचे डोळे मिटलेले होते.

"काय नाय ऱ्हायलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. केसपेपरवर शून्य लिहिलं. ते इतकं मोठं झालं, की खालच्या ओळीत गेलं.

"बाई हसली," गोमाजी म्हणाले.

त्यांना कुठल्याही बाईबद्दल कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

"कुठे आहे?"

"गेली. जिना उतरून. मागल्यांना सांगून गेली, डाक्टर चांगला हाय."

"मागचे कोण?"

गोमाजींचा हात फऱ्यावरून निघाला, पोटावर टेकला, मग गळ्याशी गेला. तिथून डोळ्यावर.

बाहेर दाराशी कोणीतरी चपला काढल्या. मग आणखी कोणीतरी.

सिस्टर उठल्या. दार उघडून पाहिलं. बाक रिकामा होता. फरशीही रिकामी होती, एकही चप्पल नव्हती. त्यांनी दार लावलं आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"कोणी नाही, सर."

त्यांच्या पाठीमागे, दाराबाहेर, चपला काढल्याचे आवाज येतच होते. घाई नव्हती. एक जोड, मग दुसरा, पार जिन्याच्या तळापर्यंत. मध्येच एक लहान जोड होता, पाऊल टाकलं की पिप् पिप् वाजणारा.