पिवळ्या रंगाचा डबा

चुन्यात बुडवलेला कुंचा सुमेधनं शाळेच्या भिंतीला टेकवला, तोच मागून आवाज आला.

“थांबा ना जी! काय करून राहिले?”

तो वळला. हातात वह्यांचा गठ्ठा, वाऱ्यानं विस्कटलेले केस आणि डोळ्यांत राग... असा राग, की बाप्पा रे! तिसरीच्या वर्गाच्या करुणा मॅडम होत्या त्या.

“भिंत पांढरी करून राहिलो, मॅडम. हेडमास्तरनं सांगतलं. सुविचार लिहाचे आहेत.”

“आधी वाचा तिला. मग पुसा — हिंमत असंल तर!”

भिंतीवर खडूची वेडीवाकडी अक्षरं होती. सुमेध वाकला आणि वाचायला लागला.

‘दादाजी फोनवर ओरडून बोलते, कारण मामा लय दूर आहे.’

तो हसला. मग पुढचं वाचलं.

‘आई कापूस वेचून आली की तिची बोटं माझ्या गालाला टोचते. मी गाल मागं घेत नाही.’

सुमेधच्या हातातला कुंचा खाली आला. त्याची आईही कापूस वेचायची. ती बोटं त्याच्याही गालाला टोचली होती, पण हे असं सांगता येतं, हे त्याला तीस वर्षांत सुचलं नव्हतं!

“हे... पोरायनं लिहिलं? कोणी सांगतलं त्यायले?”

“कोणीच नाही. आमचा नियमच आहे. रोज एक वाक्य, आपल्या डोळ्यानं पाहिलेलं अन् खरं. चुका मात्र शनिवारी पाहतो.”

पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यापासून पाट्यांवरचं ‘छिंदवाडा’ पुसून ‘पांढुर्णा’ लिहिण्यातच सुमेधचे दिवस गेले होते. अक्षर मोत्यासारखं, पण शब्द सगळे लोकांचे. स्वतःचं असं एक वाक्य? एकही नाही!

तो तडक हेडमास्तर मोरेश्वर सरांकडे गेला. “सर, सुविचार राहू द्या. पोरायचंच पक्क्या रंगानं लिहितो.” सरांनी बरेच आढेवेढे घेतले, पण ‘हो’ म्हणाले.

काम दोन दिवसांचं, सोमवार-मंगळवारचं. पण बुधवारीही स्वारी हजर!

“आज काय बाकी आहे, पेंटरसाहेब?”

“पिवळी किनार, मॅडम.”

“काल पण पिवळीच होती.”

“थंडीत रंग लवकर सुकत नाही ना...”

“हाव काय?” म्हणत त्या वहीआड हसल्या.

गुरुवार, शुक्रवार... तो खिडकीशी कुंचा फिरवत उभा राही. एखादं पोर अडलं की मॅडम त्याच्याजवळ बसायच्या. उत्तर सांगायच्या नाहीत, हळूच विचारायच्या, “मग? आवाज कसा आला?” अन् बघता बघता पोराची पेन्सिल पळायला लागायची. सुमेध बघतच राही. केवढी जादू ही! आणि केवढा जीव जडला होता त्याचा... पण सांगणार कसं?

शनिवार उजाडला. भिंत पूर्ण झाली होती. आज बोललो नाही तर उद्या यायला निमित्तच नाही, हे त्याला कळत होतं. तोंडाशी आलेले शब्द सगळे कुठंतरी ऐकलेले, उसने वाटत होते.

तेवढ्यात मॅडमच्या वर्गातली चंचल आली. “पेंटर काका, हा कोपरा खाली, कोराच आहे. तुमचं वाक्य लिहा ना! पण नियम मालूम आहे न? खरंच लिहाचं!”

सगळा वर्ग गोळा झाला. सुमेधनं खडू घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं अक्षर वाकडं आलं.

‘पिवळा रंग मंगळवारीच संपला. तेव्हापासून मी रोज रिकामा डबा घेऊन येऊन राहिलो.’

डब्याचं घट्ट बसवलेलं झाकण चंचलनं उघडलं. डबा कोरडा ठणठणीत! पोरं खिदळली. करुणा मात्र... हसली नाही. सुमेधनं खडू तिच्यापुढं धरला.

“चूक झाली असंल तर मॅडम... आज शनिवारच आहे.”

तिनं त्याच्या हातातला खडू घेतला आणि खाली लिहिलं —

‘डबा हलका आहे, हे मला बुधवारीच दिसलं होतं.’

सुमेधनं ते वाक्य तीनदा वाचलं. मग अगदी हळू म्हणाला, “हे... पक्क्या रंगानं लिहू?”

“लिहा ना. पण रंग कुठाय?” तिचे गाल लाल झाले होते. “उद्या रविवार. बाजारात घेऊ. मी पण येते.”

त्या दिवशी सुमेधनं डब्याला झाकण लावलंच नाही. तसाच उघडा, गाडीला अडकवून घरी नेला.