धरणाला भरती नसते

माणूस नमुना कसा आणून देतो, यावरून मी त्याची नोंद मनातल्या मनात करून टाकते. लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या विद्यापीठात एकवीस वर्षं नमुन्यांची खोली माझ्याकडे आहे. अल्कोहोलच्या बाटल्या, त्यांत कोळी, विंचू, गोमा, आणि एक जाडजूड रजिस्टर. काही विद्यार्थी बाटली टेबलावर ठेवतात आणि "लेबल नंतर देतो हं, साधनाताई" म्हणतात. हे पुढे कुठेतरी साहेब होतात. काही जण लेबल आधी लिहितात आणि प्राणी मागाहून शोधतात. हे आमच्याकडेच प्राध्यापक म्हणून परत येतात. आरोही या दोन्हींतली नव्हती. ती जागेवर उकिडवी बसून, पेन्सिलीनं, बोटभर चिठ्ठी लिहायची: ठिकाण, तारीख, वेळ, कुठल्या दगडाखाली, पाण्यापासून किती पावलांवर, आणि शेवटी पकडणाऱ्याचं नाव. ती चिठ्ठी प्राण्याबरोबरच बाटलीत जायची.

आमच्या धंद्यात एक शिरस्ता आहे. बाटलीत पडलेली चिठ्ठी पुन्हा बाहेर काढायची नाही. चुकीची असली तरी नाही. दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी शेजारी टाकायची, म्हणजे पुढच्याला चूकही दिसते आणि चुकणाराही.

आरोहीचा प्रबंध मुळशी धरणाच्या काठावरच्या कोळ्यांवर होता. तिचे मार्गदर्शक इंद्रजित सर, आमचे विभागप्रमुख. सरांचं निसर्गावर फार प्रेम, पण ते प्रोजेक्टरवरच्या निसर्गावर. काठावर ते चार वर्षांत एकदाच आले होते आणि बूट चिखलात गेल्यावर गाडीत जाऊन बसले होते. त्यामुळे बरोबर कोणीतरी हवं म्हणून आरोही मला न्यायची.

एप्रिलात धरणाचं पाणी उतरतं आणि काठ उघडा पडतो. खाली बुडालेल्या गावाची जोती दिसायला लागतात, एखादं उखळ, दाराच्या चौकटीचा दगड. त्या काठावर रंभाबाईंची पत्र्याची शेड आहे. शनिवार-रविवारी तंबू ठोकायला येणाऱ्या पोरांना त्या चहा आणि पिठलं-भाकरी देतात. बाई सत्तरीच्या, जिभेनं तिखट. आरोहीला पाहिलं की म्हणायच्या, "आली कोळ्यांची मावशी. अगं, लगीन कर, तेबी जाळंच हाय."

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ऊन डोक्यावर येत होतं. आरोही एका जोत्यावर वाकून बसली होती. दगडाला उखळाएवढा खळगा होता आणि खळग्याच्या कडेला बोट जाईल असं भोक. भोकावर पांढरं झाकण, रेशमाचं, पापडासारखं ताणलेलं. आसपासचा दगड ओलाचिंब होता. आरोहीनं चिमट्यानं झाकण उचललं.

आत कोरडं होतं. अगदी कोरडं. आणि आत एक करड्या पोटाचा कोळी, तांबूस डोकं, डोक्यापुढे डोक्याएवढेच लांब जबडे, सरळ समोर काढलेले.

 आरोहीनं तिथंच चिठ्ठी लिहायला घेतली.

"हे दार लावून बसत्यात," पाठीमागून रंभाबाई म्हणाल्या. "पाणी चढायच्या आदी."

"पाणी कधी चढतं, आजी?"

"दिसातनं दोनदा. तुमास्नी न्हाई दिसत?"

मी पाण्याकडे बघितलं. पाणी जोत्यापासून चार पावलांवर होतं, स्थिर, वाराही नव्हता. पण ज्या दगडावर आम्ही बसलो होतो तो ओला होता, आणि त्याच्यावरचा, हातभर उंचीचा दगडही. पाऊस पडून सहा महिने झाले होते. मी पदरानं दगड पुसला. बोटांना चिकटपणा लागला. घाम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगायला मला फार वेळ लागत नाही.

खोलीत परत आल्यावर आरोहीनं कोळी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कोळी ओळखायचा तक्ता म्हणजे दोन-दोन प्रश्नांची उतरण असते: डोळे किती, कसे मांडलेले, जबडे खाली वळलेले की पुढे आलेले, पोटाखाली श्वासाचं छिद्र कुठे. हो म्हटलं की एका बाजूला, नाही म्हटलं की दुसऱ्या. तिनं तीनदा केलं, मी एकदा. चारही वेळा आम्ही एकाच ठिकाणी येऊन थांबलो. डेसिस. समुद्राच्या काठचा कोळी. भरतीला बुडणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यांतली भोकं, रिकामे शंख, हेच त्याचं घर. भरती यायच्या आधी तो घराचं तोंड रेशमानं बंद करतो आणि आतल्या हवेवर ओहोटीची वाट बघतो. त्याचे भाऊबंद जगभर आहेत, पण सगळे समुद्राला धरून. गोड्या पाण्यात, सह्याद्रीच्या अलीकडे, एकही नाही.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: क्रमांक ४१७. डेसिस. मुळशी धरणकाठ. पकडणार, आरोही.

इंद्रजित सरांनी पान वाचलं आणि हसले. "मुळशीत समुद्रातला कोळी? उद्या ताम्हिणीत देवमासा सापडेल."

"सर, मी स्वतः काढला. त्यानंतर अजून अकरा मिळालेत."

"जानेवारीत तू दिवेआगरला गेली होतीस. तुलना करायला म्हणून. तिथून किती बाटल्या आणल्यास?"

"सात. त्या वेगळ्या कपाटात आहेत."

"आरोही, धरणाला भरती नसते. शाळेतल्या पोराला विचार." मग सर माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ. "साधनाताई, बाटल्या तुमच्या ताब्यात. अदलाबदल होऊ शकते की नाही?"

सरांच्या कोपराखाली एक फाइल होती. वरचं नाव मला उलटं दिसत होतं तरी वाचता आलं, कारण ते माझं होतं. मला कायम करण्याचा प्रस्ताव आठ महिने त्या टेबलावर पडून होता. आरोही माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. मी तिथं होते ना. मी पाहिलं होतं ना.

"होऊ शकते," मी म्हणाले.

दोनच शब्द. एकवीस वर्षांत मी इतक्या कमी शब्दांत एवढं मोठं काम केलं नव्हतं.

प्रबंधातलं ते प्रकरण गेलंच, पण वर समितीनं शेरा मारला की या मुलीच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिची नोंदणी रद्द झाली. चार वर्षं. मी बारा बाटल्या उघडल्या, चिमट्यानं तिच्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या, आणि माझ्या अक्षरात 'दिवेआगर' लिहून टाकल्या. दुसरी चिठ्ठी शेजारी नाही, पहिलीच्या जागी. तिसऱ्या दिवशी माझ्या फाइलीवर सही झाली. सरांनी पेढेही मागितले.

आरोही खोलीची किल्ली परत द्यायला आली. मला वाटलं, बोलेल काहीतरी. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती म्हणाली, "ताई, एक सांगून जाते. हा कोळी कोरड्यात राहत नाही आणि कायम पाण्यातही राहत नाही. मधल्या पट्ट्यातच राहतो. म्हणजे तो जिथं घर करतो, तिथवर पाणी चढतं. त्याची चूक होत नाही."

"मग?"

"पहिला पाण्यापासून चार पावलांवर होता. परवाचा रंभाबाईंच्या शेडमध्ये. एकशे तीस पावलं. पाणी तर रोज उतरतंय." ती दारात थांबली. "तुम्ही एकदा जाऊन बघा. माझ्यासाठी नको."

हिंजवडीत तिला लगेच काम मिळालं. यंत्राला शिकवायला हजारो फोटोंना नावं द्यायची: हे झाड, हा माणूस, ही गाडी. लेबलं लावायचं काम. हे मला दुसऱ्याच कोणी सांगितलं, आणि सांगताना तो हसला. मीही हसले.

मेअखेरीला मी काठावर गेले. दुपार होती, पाणी आणखी खाली गेलेलं. रंभाबाई भांडी पोत्यात भरत होत्या. शेडच्या बांबूंची उघडी टोकं, पत्र्याची छिद्रं, चहाच्या बंद स्टोव्हच्या बर्नरची भोकं, सगळ्यांवर पांढरी झाकणं होती. मी मोजायला लागले आणि त्र्याण्णवला थांबले.

"कुठं निघालात, आजी?"

"वर."

"वर म्हणजे कुठं?"

"जितं हे नसत्याल तितं. आमच्या आज्ज्यानं धरणाच्या टायमाला असंच वर आणलं व्हतं आमास्नी. आमचं काय, वर सरकायची सवं हाय." त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. "ती पोर कुटं हाय?"

"नोकरी लागली तिला."

"तिचं कुनी ऐकलं न्हाई म्हनं. पर तुमी बी व्हता की तवा. तुमी सांगितलं असंल ना?"

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि उगाच घोटभर प्यायले. रंभाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पोतं डोक्यावर घेतलं आणि वाटेला लागल्या. ते जास्त वाईट होतं.

त्या गेल्यावर मी शेडच्या आतल्या ताडपत्रीकडे पाहिलं. माझ्या छातीच्या उंचीवर, चारही बाजूंनी, आखल्यासारखी सरळ, पांढरी रेघ होती. मी बोट फिरवून जिभेला लावलं.

मीठ.

बांबूचं एक पेर कापून मी खोलीत आणलं. आतला कोळी सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तक्ता पहिल्यापासून लावला. उतरण तीच, शेवट तोच. मी बाटली सरांच्या टेबलावर ठेवली, झाकण उघडं, चिठ्ठी कोरी. सर बराच वेळ भिंगातून बघत होते. कपाळावर घाम आला होता, एसी चालू असताना. मग त्यांनी माझ्याच हातातली पेन्सिल घेतली आणि कोऱ्या चिठ्ठीवर, सुरेख अक्षरात, 'दिवेआगर' लिहिलं.

"आपली टेकडी उंच आहे, साधनाताई," सर म्हणाले. एवढंच.

तेव्हा मला कळलं की सरांना आरोहीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून खोटं वाटलंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी रजिस्टर उघडून बसले आणि आरोहीला फोन लावला. दोन वाजून दहा मिनिटं.

"बोला, ताई." आवाज झोपेतून उठल्यासारखा.

"आरोही, मी तुझ्या नोंदी परत लिहिणार आहे. सगळ्या. कुलगुरूंना पत्रही देते. मी तिथं होते, मी पाहिलं, असं."

ती थोडी हसली. "उशीर केलात हो."

"ऑफिसला नाहीस?"

"संध्याकाळची पाळी. सातला कॅब येते. खोलीतल्या दोघी मुली कामावर गेल्यात, मी एकटीच आहे." मग ती थांबली. "ताई, पत्र राहू द्या. काल दुपारी इथं लिफ्टमध्ये दिसले. बटणांच्या फटीत. मी एकेक मजला उतरून बघितलं. तळापासून पाचव्यापर्यंत आहेत. सहाव्यावर नाहीत."

धरण आणि हिंजवडी यांच्या मध्ये डोंगर आहे. पाण्याला ते कोणी सांगितलं नसावं.

"तू कितव्यावर?"

"नवव्यावर."

"मग तू वर आहेस," मी म्हणाले. मला फार हलकं वाटलं. "बरंच वर आहेस."

"मी काल दुपारचं सांगतेय, ताई."

खिडकीबाहेर कँटीनसमोर पोरं वडापाव खात उभी होती. कोणीतरी कोणाला तरी शिवी दिली, सगळे हसले.

"आणि आज?"

"आज माझ्या दाराच्या कुलपात आहे एक. आत्ताच बघतेय. झाकण लावतोय." तिचा आवाज बदलला. काठावर उकिडवी बसली की यायचा तसा झाला, सावकाश, नेमका. "किती सफाईनं करतात हो. आतून बाहेरच्या कडेकडे. रजिस्टर उघडं आहे?"

"आरोही, तू जिन्यानं वर जा. गच्चीवर जा."

"दार ओलं आहे, ताई. खालच्या फटीतून येतंय. लिहून घ्या ना आधी."

मी पेन्सिल उचलली. काय करायला हवं होतं, ते मला आजही माहीत आहे. मी पेन्सिल उचलली.

"ठिकाण, हिंजवडी, इमारतीचा नववा मजला, खोलीचं दार. उंची, फरशीपासून एक मीटर. तारीख घाला. वेळ दोन वाजून चोवीस मिनिटं. झाकण पूर्ण." ती श्वास घ्यायला थांबली. "पकडणारीचं नाव लिहिलंत?"

"लिहिलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आता खोडू नका," ती म्हणाली.

फोन कापला गेला नाही. तिनं कापला नाही, मीही नाही. पडद्यावर मिनिटं पुढे जात होती. मी दोनदा हाक मारली. पलीकडे शांतता होती, पण रिकाम्या खोलीची नाही. सगळीकडून दाबून बसलेली, भरलेली.

पडद्यावर एक तास एकतीस मिनिटं झाली तेव्हा आवाज आला. दिवेआगरला एकदा ऐकला होता मी तो: खडकांच्या फटींतून पाणी सावकाश खाली उतरतं तेव्हाचा.

मी घड्याळ पाहिलं आणि तिच्या नोंदीखाली पुढची ओळ लिहिली. ओहोटी सुरू, दुपारी ३.४१.